मुरुड परिसराची बोली : दोन सीमांची साक्ष

लातूर जिल्ह्यातील मुरुड हे लातूर–बार्शी मार्गावरील गाव. १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर पश्चिमेकडील बार्शी ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात. दोन्हीकडील लोकभाषा मराठीच. कारभाराची भाषा मात्र भिन्न. संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. ही राजकीय सीमा पुसली गेली, तरी शब्दांत ती टिकून आहे. जमिनीच्या वादात येथे १९५४ च्या ‘खासरा’ पत्रकाचा आधार शोधला जातो, संपादित जमिनीचा ‘मावेजा’ मिळतो आणि धान्य ‘मोंढ्या’वर जाते.

पूर्वेकडील सीमा याच्या उलट आहे. तेथे राज्य एक, भाषा अनेक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे विभाजन होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. बीदर व भालकी म्हैसूर राज्यात गेले. तथापि, भाषिक देवघेव या रेषेहून फार जुनी आहे. लातूर, देगलूर या ग्रामनामांतील ‘ऊर’ हे गाववाचक पद द्राविडी आहे आणि राष्ट्रकूटांच्या बिरुदात ‘लट्टलूर’ आढळते. ही देवघेव एकतर्फीही नाही : दखनीतील ‘नक्को’ आणि अवधारणार्थक ‘च’ ही मराठीचीच देणगी होय.

परंतु बोलीचे वेगळेपण केवळ शब्दसंग्रहात शोधणे अपुरे ठरते. ‘मी जात आहे’ याऐवजी लातूर परिसरात ‘मी जाऊलालो’ असे रूप ऐकू येते. ‘जाऊ लागलो’ या संयुक्त क्रियापदातील ‘ग’काराचा लोप होऊन ते सिद्ध झाले असावे, अशी उपपत्ती मांडता येते. तसे असल्यास आरंभवाचक ‘लाग’ येथे चालू क्रियेचा वाचक बनला आहे. हा उसना अंश नव्हे. मराठीच्या स्वतःच्या घडणीतून झालेला व्याकरणिक विकास आहे.

म्हणूनच अशा रूपावर वर्गात केवळ ‘अशुद्ध’ असा शेरा मारणे शास्त्रीय दृष्ट्या सदोष आहे. प्रमाणभाषा शिकविणे आवश्यकच; मात्र ‘जाऊलालो’ का होते, हे सांगितल्यास विद्यार्थ्याला प्रमाणरूपही अधिक नेमके कळेल आणि घरची भाषा टाकून द्यावी लागणार नाही. सीमाभागाचा इतिहास दप्तरांत जितका आहे, तितकाच तो या क्रियापदांतही आहे.