भूल देण्याआधी घरातली जुनी गोष्ट सांगा

ऑपरेशन ठरले की आपण विचारतो, खर्च किती, घरी कधी सोडणार. भूल कोणती देणार हे कोणी विचारत नाही. काही घरांत मात्र हाच प्रश्न जिवाचा असतो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २१ वर्षांचा एक विद्यार्थी पाय मोडून रुग्णालयात आला. पायापेक्षा त्याला भुलेची धास्ती जास्त होती, कारण त्याच्या नात्यातली दहा माणसे ईथरच्या भुलेत दगावली होती. डॉक्टरांनी ईथर टाळून हॅलोथेन दिले. तरी त्याचे अंग तापले, नाडी धावू लागली. भूल लगेच थांबवली, अंगाला बर्फ लावला, तो वाचला. डॉ. डेनबरो आणि डॉ. लव्हेल यांनी १९६० साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापले. या विकाराला आता मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात.

तो विरळा आहे. एरवी माणूस धडधाकट असतो, कसलीही तक्रार नसते. ठरावीक औषध अंगात गेले की स्नायूंतले कॅल्शियम बेसुमार सुटते. स्नायू आखडतात, जबडा घट्ट होतो, शरीर आतून तापते. ताप बऱ्याचदा उशिरा चढतो. त्याआधी श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढलेला यंत्रावर दिसतो. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक मुलात, मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता निम्मी असते. करणी, नजर किंवा घराण्याचा शाप यांचा इथे काही संबंध नाही.

धोक्याची औषधे मोजकीच आहेत. हुंगवून द्यायची हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन ही, आणि स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलीन हे इंजेक्शन. बाकी पुष्कळ मार्ग मोकळे आहेत. शिरेतून प्रोपोफॉल, केटामीन, मिडाझोलॅम, फेंटानिल देता येते. स्नायू सैल करायला व्हेक्युरोनियम किंवा अॅट्राक्युरियम चालते. नायट्रस ऑक्साइड हा वायू असूनही सुरक्षित आहे. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणे किंवा जागेवर लिग्नोकेन टोचणे हेही चालते; सिझेरियन, हर्निया अशी कितीतरी कामे त्यात होतात. म्हणजे अशा रुग्णाचे ऑपरेशन थांबवायचे नसते, औषध बदलायचे असते. भुलेच्या यंत्रात आधीच्या औषधाचा अंश राहतो, म्हणून तेही अगोदर धुऊन घ्यावे लागते. त्याला वेळ लागतो. ऑपरेशनच्या टेबलावर पडल्यावर सांगून उपयोग नाही, तपासणीच्या दिवशीच भूलतज्ज्ञांना सांगावे.

काय सांगायचे? रक्ताच्या नात्यात कोणी भुलेत दगावले का, कोणाला ऑपरेशनमध्ये एकाएकी खूप ताप चढला का, जबडा आखडला का, नंतर लघवी काळसर झाली का. आजी-आत्या-मामांना विचारा, माहेरच्या बाजूचेही विचारा, ते हटकून राहून जाते. प्रत्येक मृत्यू याच कारणाने झालेला नसतो, रक्तस्राव किंवा हृदयविकारही असतो, ते डॉक्टर ठरवतील. "मागे एकदा भूल घेतली, काही झाले नाही" यावर मात्र विसंबू नका. पहिल्या-दुसऱ्या वेळी निभावते आणि पुढच्या वेळी उलटते, असे घडलेले आहे.

यावर डॅन्ट्रोलीन हे औषध आहे. एका कुपीत २० मिलिग्रॅम भुकटी असते, ती ६० मिलिलिटर पाण्यात विरघळवायची. ६० किलोच्या माणसाला पहिल्याच मात्रेला सात-आठ कुप्या लागतात. ते प्रत्येक दवाखान्यात ठेवलेले नसते. म्हणून घरात असा इतिहास असेल तर मोठ्या रुग्णालयात जा आणि "डॅन्ट्रोलीन आहे का?" असे सरळ विचारा.

निदान झाले असेल तर डॉक्टरांकडून तसे लिहून घ्या. तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा आणि एकेक झेरॉक्स भावंडांना द्या.