पारंबी जमिनीला टेकली पाहिजे



वडाचे झाड आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या फांद्या दूर दूर जातात. फांदी लांब गेली की तिचे ओझे वाढते. मग ती फांदी खाली पारंबी सोडते. पारंबी हळूहळू वाढत जमिनीपर्यंत येते आणि मातीत रुजते. पुढे तिचेच खोड होते. मग तीच त्या फांदीला खालून आधार देते. म्हणून वड शेकडो वर्षे उभा राहतो.

पण सगळ्याच पारंब्या जमिनीला टेकत नाहीत. काही वरच लोंबकळत राहतात. त्यांना धरून पोरे झोके घेतात. झोका गोड लागतो खरा, पण झाडाला त्याचा आधार होत नाही.

आपली मुले शिकतात, शहराला जातात, नोकरीला लागतात. त्या फांद्याच समजा. त्यांची पारंबी गावाला कशी टेकेल? आणि टेकली नाही तर काय होते? ते या धड्यात पाहू.

साताऱ्याचे वसतिगृह

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, काम करीत आणि शिकत. एकदा वसतिगृहात धान्य नव्हते. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही ठेवले नाही. मुले उपाशी राहिली नाहीत.

ती मुले मोठी झाली. त्यांतली कितीतरी पुढे त्याच संस्थेत शिक्षक म्हणून परत आली. त्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. वकिली करून त्यांना पुष्कळ पैसा मिळवता आला असता. पण ते परत आले आणि रयतच्या कामाला लागले. पुढे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

रयत शिक्षण संस्थेच्या बोधचिन्हावर वडाचे झाड आहे. ते का, हे आता आपल्या ध्यानात आले असेल.

सगळ्यांनाच अशी सबंध आयुष्ये देता येणार नाहीत. पण नोकरी सांभाळून, घर सांभाळून, महिन्यातला एखादा तास देता येतो. तेवढ्यानेही काम होते. मात्र ते नेमाने झाले पाहिजे. हे आम्ही ठेच लागून शिकलो. ती हकिकत सांगतो.

आमच्या गावचे शिबिर

आमचे गाव कोरडवाहू. दिवाळी झाली की निम्मे गाव ऊसतोडीला जाते. मुकादम उचल देतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. घरात म्हातारे माणूस नसेल तर पोरेही गाडीत बसतात. पाडव्याच्या आगेमागे लोक परत येतात. तोवर शाळेचे वर्ष संपत आलेले असते. जूनमध्ये मूल वर्गात बसते, पण त्याला काही उमजत नाही. दोन वर्षे असे झाले की मूल शाळेतून गळते. गळालेल्या मुलांची नावे आम्ही हजेरीपटातून आमच्याच हाताने कमी केली आहेत. ते दुःख आम्हाला ठाऊक आहे.

आम्ही सेवानिवृत्त झालो, त्यानंतरची ही गोष्ट. जत्रेला आमचे जुने विद्यार्थी गावी आले होते. एक जण पुण्याकडे कारखान्यात फिटर होता. एक एस.टी.त कंडक्टर. एक बँकेत. एक मुलगी जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्स. पारावर गप्पा निघाल्या. आम्ही म्हणालो, "अरे, मे महिन्यात तुम्हीही गावी येता. तोडीला गेलेली पोरेही घरी असतात. शाळा रिकामी असते. मग दहा दिवस पोरांना घेऊन बसा की."

पोरांनी मनावर घेतले. तालुक्याच्या एका सेवाभावी संस्थेने वह्या आणि खेळाचे सामान दिले. त्या मे महिन्यात शिबिर झाले. २७ मुले आली. सकाळी वाचन आणि हिशेब. कंडक्टरने तिकिटांचा हिशेब शिकवला. बँकवाल्याने पासबुक वाचायला शिकवले. नर्सताई दोन दिवस आली. तिने जखम कशी धुवावी, ताप कसा मोजावा, हे दाखवले. दुपारी उन्हात सुट्टी. संध्याकाळी लेझीम आणि कबड्डी. घराघरातून भाकरी आल्या. कालवण शाळेत शिजले. गाव खूष झाला. शेवटच्या दिवशी फोटो निघाले. आम्ही भाषण केले. टाळ्या झाल्या.

शब्दाचा हिशेब

सातवीतला एक मुलगा होता. हिशेबात फार तल्लख. फिटरदादाचा त्याला लळा लागला. निघताना दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मी दर रविवारी फोन करीन. दिवाळीला येईन. तू तोडीला जायचं नाहीस. शिकायचं."

पहिल्या रविवारी फोन आला. दुसऱ्या रविवारी आला. मग कारखान्यात जादा काम निघाले. मग दादाच्या घरी लग्न निघाले. फोन बंद झाला.

तो मुलगा रविवारी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. विचारायचा, "गुर्जी, दादाचा फोन तुमच्याकडं आला व्हता का?"

आम्ही म्हणायचो, "कामात असेल रे. येईल."

दिवाळी आली. दादा आला नाही. भाऊबीज झाली आणि गाड्या भरू लागल्या. आम्ही गाडीपाशी गेलो. मुलगा भांड्यांच्या पोत्यावर बसला होता. आम्ही म्हणालो, "अरे, तू तर राहणार होतास ना?"

तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "दादा बी मुकादमासारखाच, गुर्जी. ग्वाड बोलतो."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही घरी आलो. शिबिराची वही काढली. तेल किती, गूळ किती, वह्या किती, सगळा हिशेब पैशापैशाला बरोबर होता. पण कोणी कोणत्या मुलाला काय शब्द दिला, याचा हिशेब कुठेच नव्हता. फिटरला एकट्याला दोष देऊन काय उपयोग? तो तरुण पोर. मायेच्या भरात बोलून गेला. त्याला आवरायला आणि आठवण द्यायला आम्ही होतो. चूक आमची होती.

त्या २७ मुलांपैकी ४ मुले जूनपासून शाळेत आलीच नाहीत. त्यांत एक मुलगी होती. तिचे लग्न अठरा वर्षे भरायच्या आत लावून दिले, असे आम्हाला मागाहून कळले. दोन दिवसांच्या नर्सताईशिवाय त्या शिबिरात मुलींना मन मोकळे करायला कोणी बाई माणूस नव्हते. हेही आमच्या ध्यानात उशिरा आले.

परदेशातला अनुभव

असा अनुभव दुसऱ्यांनाही आला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १९०४ साली मुलांच्या न्यायालयात अर्नेस्ट कोल्टर नावाचे एक कारकून होते. रोज नवी मुले चुका करून न्यायालयात येत. कोल्टर यांना दिसले की, बहुतेकांच्या पाठीशी कोणी भले मोठे माणूस नाही. त्यांनी लोकांना बोलावून विनंती केली, की एकेकाने एकेका मुलाची सोबत करावी. लोक तयार झाले. त्यातून मोठी संस्था उभी राहिली. तिच्या नावाचा अर्थच 'मोठे भाऊ, मोठ्या बहिणी' असा आहे. ती आजही चालू आहे.

या सोबतीचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा तिथल्या अभ्यासकांनी शोध घेतला. २००२ साली त्यांनी जे छापले, ते आपणही गाठीला बांधावे. ज्या मुलांची सोबत वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकली, त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आत तुटली, त्यांचे नुकसान झाले. त्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा कमी झाला.

म्हणजे अर्धवट सोबतीने मूल होते तिथेही राहत नाही. ते आणखी मागे जाते. आमच्या ओट्यावर बसणाऱ्या मुलाने हेच आम्हाला दोन शब्दांत सांगितले होते.

दुसऱ्या वर्षीचे नियम

आम्ही फिटरला फोन केला. मुलगा काय म्हणाला, ते जसेच्या तसे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तो कुठल्या कारखान्यावर आहे?"

पौषात रजा काढून तो तिकडे गेला. उसाच्या फडाशेजारी कोप्या होत्या. तिथे त्याला मुलगा सापडला. मुलगा दिवसभर त्याच्याशी बोलला नाही. दादा काही समजावत बसला नाही. त्याने मुलाच्या बापाबरोबर मोळ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी मुलाने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. एवढेच झाले. पण दादा नंतर दर महिन्याला फोन करीत राहिला.

मे महिन्यात सगळे जमले. या वेळी शिबिराआधी दोन दिवस आम्ही फक्त दादा-तायांचीच बैठक घेतली. नियम ठरवले. ते असे :

१. जमेल तेवढाच शब्द द्यायचा. महिन्यातून एक फोन आणि वर्षातून दोन भेटी, एक दिवाळीआधी, एक मे महिन्यात. यापेक्षा जास्त कबूल करायचे नाही. यात कसूर करायची नाही.

२. एका दादाकडे दोनच मुले. मुलींसाठी ताईच. दर मुलामागे जोडीला दुसरा एक माणूस. पहिल्याला अडचण आली, तर दुसऱ्याने फोन करायचा.

३. मुलाच्या आईबापांना आधी भेटायचे. त्यांच्या माघारी मुलाला काही कबूल करायचे नाही. मुलाला पैसे द्यायचे नाहीत.

४. मुलाशी बोलायचे ते ओट्यावर, अंगणात, चार माणसांच्या नजरेसमोर. बंद खोलीत नाही.

५. प्रत्येक फोनची आणि भेटीची नोंद वहीत व्हायची. ती वही आमच्याकडे.

नर्सताई म्हणाली, "गुरुजी, माझी रात्रपाळी असते. दर महिन्याला फोन मला जमायचा नाही. शिबिरात दोन दिवस येईन." आम्ही तिला शाबासकी दिली. ज्याला सोबत करता येत नाही, त्याने स्वयंपाकाला हात लावावा, शाळेचे छप्पर शाकारावे, वह्यांना पैसे द्यावेत. त्यात कमीपणा नाही. खोटा शब्द देण्यात कमीपणा आहे. मुलींसाठी आम्ही गावातल्याच तीन शिकलेल्या सुना जोडून घेतल्या. त्या बारा महिने गावात असतात. त्यांची पारंबी आधीच टेकलेली होती.

त्या वर्षी दिवाळीआधी फिटर गावी आला. मुलाच्या आईबापाशी बोलला. मुलगा आजीपाशी राहिला. आज तो आय.टी.आय.मध्ये तारतंत्रीचे काम शिकतो आहे. यंदाच्या शिबिराला तो स्वतः दादा म्हणून आला. त्याने एकच मूल घेतले. आम्ही विचारले, "दोन का नाही?" तो म्हणाला, "एकाचं नीट करतो, गुर्जी."

गळती अजून पुरती थांबलेली नाही. दर दिवाळीला गाड्या भरतात. त्यांत आमची काही मुले असतात. पण आता गाडीत बसणाऱ्या मुलाच्या वहीत एक फोन नंबर असतो आणि त्या नंबरवरून फोन येतो.

आपण काय करावे ?

आपल्या गावातली कोणती मुले बाहेर शिकली, नोकरीला लागली, त्यांची यादी करा. सण-जत्रेला ती आली की बोलवा. हारतुरे नकोत. काम सांगा.

कायदाही माहीत करून घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा सुटली असेल, तरी मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात दाखल करून घ्यावे लागते. वर्ष अर्धे झाले म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही. मुलाला धोका असेल, किंवा मुलीचे अठराच्या आत लग्न लावत असतील, तर १०९८ या नंबरवर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि तुम्ही स्वतः? तुम्ही मोठेपणी अक्षरे शिकलात. आता हा धडा वाचता आहात. तुम्हीही आमचे माजी विद्यार्थीच झालात. संध्याकाळी शेजारच्या एका मुलाला जवळ बसवा आणि हाच धडा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. उद्याही बसवा. परवाही बसवा.

पारंबी अशीच टेकते.

विचार करा आणि बोला

१. लोंबकळणारी पारंबी आणि टेकलेली पारंबी यांत काय फरक आहे?

२. मुलाने दादाला मुकादमासारखा का म्हटले? तुमचे काय मत आहे?

३. नर्सताईला शाबासकी का मिळाली?

४. तुमच्या गावच्या शिबिरासाठी आणखी कोणता नियम करावा?

५. तुम्ही एखाद्या मुलाला शब्द दिला आहे का? तो पाळला का?