भेट आलेला तंबोरा : ठेवावा की परत करावा?

दानाचा विचार करताना आपण बहुधा देणाऱ्याच्या बाजूने करतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात २० ते २२ या श्लोकांत दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत, तेही देणाऱ्याच्या वृत्तीवरूनच. परंतु घेणाऱ्याचाही एक धर्म असतो. मिळालेल्या वस्तूत उणीव आढळली तर काय करावे, हा त्या धर्मातला नित्य भेटणारा प्रश्न आहे. प्रस्तुत पाठात एका वाद्याच्या उदाहरणावरून त्याचा विचार करू.

असे समजा की इंदूरला राहणारी एक मुलगी ख्यालगायन शिकत आहे. सांगलीच्या तिच्या आत्याने, निवृत्तिवेतनातून वर्षभर पैसे बाजूला ठेवून, मिरजेहून तिच्यासाठी नवा तंबोरा पाठविला. पेटी उघडल्यावर तीन गोष्टी दिसल्या : भोपळ्यावरील रोगणाला बोटभर ओरखडा, एक खुंटी सरकणारी, आणि जोडाच्या दोन तारांपैकी एक मंद बोलणारी. दुकानदाराने महिन्याच्या आत वाद्य बदलून देण्याची तयारी दाखविली आहे. मुलीने काय करावे? परत पाठवावे, तर आत्याचे मन दुखावेल. ठेवून घ्यावे, तर रोज पहाटे ज्याच्या आधाराने षड्ज लावायचा त्या वाद्याविषयीच मनात किंतु राहील.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातील कारागीर शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. तेथील सतार व तंबोरा यांना इ. स. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याला लागणारा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात शेतात पिकतो. तो साच्यातून निघत नाही. त्याचा घेर, जाडी, डाग हे सारे वेलीवरच ठरते. दांडी व तबली लाकडाची, म्हणजे हवेबरोबर फुगणारी व आकसणारी. म्हणून हाताने घडविलेले कोणतेही दोन तंबोरे तंतोतंत सारखे नसतात. अठराव्या अध्यायातील ४८ व्या श्लोकात, अग्नीला जसा धूर तसा प्रत्येक कर्माला काही ना काही दोष लागलेलाच असतो, असा जो आशय आहे, तो कारागिराच्या कर्मालाही लागू पडतो. मात्र त्या वचनाचा आधार घेऊन प्रत्येक दोष पोटात घालावा, असा अर्थ काढणे युक्त नव्हे. धूर आणि विझलेला अग्नी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा दोष किती आहे यापेक्षा तो कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. वाद्यातील दोषांचे तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग रूपाचा. रोगणावरील ओरखडा, नक्षीतील वाकडी रेघ, पानाच्या टोकाचा निघालेला टवका. यांचा स्वराशी संबंध नाही. चार वर्षे मांडीवर वागविल्यानंतर कोणत्याही तंबोऱ्यावर असे दहा ओरखडे पडलेले असतात.

दुसरा वर्ग देखभालीचा. खुंटी सरकते, कारण प्रवासात हवा बदलली की लाकूड आकसते. ती काढून तिला थोडी खडूची पूड लावली की बहुधा धरते. नव्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जातात व पुनःपुन्हा उतरतात. तो दोष नव्हे. मंद तारेचा विषय जवारीचा. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित बाकदार असतो. तार त्यावरून सरळ सुटत नाही, त्याला स्पर्श करीत कंप पावते, आणि मध्ये सरकविलेल्या सुताच्या धाग्याने तो स्पर्श नेमका केला जातो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी इ. स. १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना एक लक्षणीय गोष्ट नोंदविली. तार जेथे छेडली असता काही उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत, तेथे छेडूनही ते तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे कारण ही बाकदार घोडी होय. इतर वाद्यांत जी झणझण दोष ठरली असती, तीच येथे वाद्याचा प्राण आहे. ही जवारी एकदा काढली की कायमची झाली, असे नसते. तारेने घोडीवर चर पडतात आणि जाणत्या कारागिराकडून ती पुनःपुन्हा काढून घ्यावी लागते. जे काम वाद्याच्या जन्मभर चालायचे आहे, ते पहिल्याच दिवशी अपुरे वाटले म्हणून वाद्य टाकाऊ ठरत नाही.

तिसरा वर्ग घडणीचा. घोडीखाली तबली खचलेली, भोपळा व दांडी यांचा सांधा उघडलेला, भोपळ्याला आरपार चीर, किंवा तारांच्या ताणाने दिवसेंदिवस वाढत जाणारा दांडीचा बाक. येथे आधारच डळमळीत असतो. सूर मिळविला तरी टिकत नाही, आणि साधकाचा कान हळूहळू त्या अस्थिरतेलाच सरावतो. संकोचापोटी असे वाद्य ठेवून घेणे ही देणाऱ्याविषयीची कृतज्ञता नव्हे.

परीक्षा कशी करावी? तंबोरा पेटीतून काढून दोन-चार दिवस खोलीच्या हवेत राहू द्यावा. नंतर आपल्या षड्जात मिळवून प्रत्येक तार एकेकटी, आधी धाग्यावाचून व मग धागा घालून ऐकावी. धागा केसभर सरकविताच मंद तार खुलली, तर काम संपले. कोठेच खुलत नसेल, तर घोडी कारागिराला दाखवावी. दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून तिची सरळ रेषा न्याहाळावी. तबलीवर बोटाने हलके ठोकून कोठे फटफट येते का ते पाहावे. आपल्या हाताने घोडी घासण्याचा मोह मात्र टाळावा. एकदा ती बिघडली की मूळ दोष कोणाचा, हे सांगता येत नाही. हे सारे पहिल्या आठवड्यातच करावे. विलंब झाला तर चीर कारखान्यात पडली, वाटेत पडली की घरात पडली, याचा निर्णय होत नाही व निरपराध कारागिरावर दोष येतो.

आता देणाऱ्याच्या मनाचा प्रश्न. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. सदोष वस्तू दुकानाकडे बदलण्यास पाठविणे म्हणजे दान नाकारणे नव्हे. आत्याने दिला तो स्वराचा आधार. तो पुरा मिळावा हीच तिची इच्छा. इ. स. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्याला ग्राहकच मानतो. तेव्हा भेट घेणाऱ्याने दाद मागण्यात अनुचित काही नाही. परंतु हे आत्याच्या नकळत करू नये. पैसे तिचे, निवड तिची. गुपचूप बदललेला तंबोरा पुढे केव्हा तरी उघडकीस येतो, आणि त्या वेळचे दुःख ओरखड्याहून मोठे असते. उलट, काहीच न बोलता वाद्य गवसणीत घालून कोपऱ्यात उभे करणे हेही असत्यच.

मग बोलावे कसे? सतराव्या अध्यायाच्या १५ व्या श्लोकात वाणीचे तप सांगितले आहे : बोलणे उद्वेग न करणारे, आणि त्याच वेळी खरे, प्रिय व हितकर असावे. ही सर्व लक्षणे एकत्र हवीत. आपल्या उदाहरणातील मुलीने फोनवर इतकेच म्हणावे : “आत्या, तंबोरा सुखरूप पोचला. खर्ज फार गोड आहे. जोडाची एक तार अजून खुलत नाही, म्हणून इथल्या कारागिराकडून जवारी काढून घेते. मग तुला ऐकवीन.” ओरखड्याचा उल्लेख करण्याचे कारण नाही, आत्याने विचारलेच, तर मात्र लपवू नये. तबली खचलेली असती, तर तेही याच सुरात, पण त्याच आठवड्यात सांगून, बदलण्याचा विचार तिच्यासह ठरविणे योग्य झाले असते.

या विवेचनाचा निष्कर्ष असा. रूपाचा दोष सोसावा, देखभालीचा दोष आपल्या श्रमाने दूर करावा, घडणीचा दोष देणाऱ्याला सांगून परत करावा. त्या मुलीचे तिन्ही दोष पहिल्या दोन वर्गांतले आहेत. तिने तंबोरा ठेवावा.

मननासाठी प्रश्न : (१) मला खटकणारी उणीव वस्तूच्या कार्याला बाधक आहे, की केवळ माझ्या डोळ्याला? (२) मी गप्प बसतो ते देणाऱ्याच्या मनासाठी, की माझी अडचण टाळण्यासाठी? (३) मिळालेल्या वस्तूचा मी नित्य उपयोग करीत आहे काय?