परवाना ताजा, कोड शिळा

स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या परवान्याचं नूतनीकरण हे माझ्या व्यवसायातलं सर्वांत सोपं काम. अर्ज, पदवीची प्रत, जुन्या परवान्याची प्रत आणि फी भरल्याची पावती. ज्या ज्या महानगरपालिकेत मी हे केलं, तिथं कुणी विचारलं नाही की, मॅडम, मागच्या वेळेनंतर तुम्ही नवीन काय शिकलात? याच महाराष्ट्रात डॉक्टरांना वैद्यक परिषदेची नोंदणी चालू ठेवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. प्रॅक्टिस करणाऱ्या आणि साठीच्या आतल्या चार्टर्ड अकाउंटंटला तीन वर्षांत १२० तासांचं शिक्षण पुरं करावं लागतं. वास्तुविशारदांसाठी निदान १९७२ चा कायदा आणि त्यांची परिषद आहे. इंजिनिअरांसाठी देशात तसा कायदा नाही. इमारतीचा सांगाडा ठरवणाऱ्यानं शिकत राहायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेलं आहे. मर्जीवर सोडलं की काय होतं, ते मी एका कामात जवळून पाहिलं. तेच सांगते, आणि त्यानंतर माझ्या ऑफिसात मी कोणते नियम केले तेही.

पुण्याच्या एका उपनगरातलं काम. खाली पार्किंग, वर सात मजले. साल २०१८. कर्जाचा पुढचा हप्ता सोडण्याआधी बँकेनं दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासणी मागितली, म्हणून बिल्डरनं प्रूफ चेकिंगसाठी मला बोलावलं. मूळ आरसीसी कन्सल्टंट शहरातले ज्येष्ठ, अभ्यासू, हिशेबाला चोख. त्यांच्या हाताखाली शिकलेले इंजिनिअर गावभर आहेत. ड्रॉइंग्ज स्वच्छ होती, सळईचा तपशील बारकाईनं दिलेला. कॉलम मात्र सगळे २३० मिलिमीटर रुंदीचे.

हा नऊ इंची कॉलम बिल्डरांचा लाडका. भिंतीत गडप होतो, खोलीत कोपरा डोकावत नाही, कपाट नीट बसतं. काँक्रीटच्या इमारतींसाठी भूकंपाच्या दृष्टीनं तपशील ठरवणारा कोड म्हणजे आयएस १३९२०. त्याच्या १९९३ च्या आवृत्तीत तो बसतही होता: कॉलमची किमान रुंदी २०० मिमी, आणि बीमचा गाळा पाच मीटरच्या वर किंवा कॉलमची मोकळी उंची चार मीटरच्या वर गेली तर ३०० मिमी. २०१६ च्या आवृत्तीनं हे बदललं. तिच्यानुसार किमान ३०० मिमी, किंवा बीमच्या सर्वांत जाड सळईच्या व्यासाच्या वीसपट, यांतलं जे जास्त ते. बीममध्ये १६ मिमीची सळई घातली की ३२० मिमी झालेच. शिवाय प्रत्येक जोडावर कॉलमची वाकण्याविरुद्धची ताकद बीमच्या किमान १.४ पट हवी, म्हणजे मोठ्या धक्क्यात आधी बीम मोडेल, कॉलम उभा राहील. भूकंप क्षेत्र तीनमध्ये हे सगळं लागू होतं, आणि त्या वेळच्या नकाशात पुणं क्षेत्र तीनमध्येच होतं.

ड्रॉइंगच्या पहिल्या पानावरच्या सर्वसाधारण सूचना वाचल्या तेव्हा उलगडा झाला. भूकंपाचा भार ठरवणारा कोड आयएस १८९३, वर्ष २००२. आयएस १३९२०, वर्ष १९९३. दोन्ही रद्द झालेल्या आवृत्त्या.

मी त्यांना भेटायला गेले. म्हटलं, “सर, नवं १३९२० बघितलंत का?”

“अगं, आलंय ते माहीत आहे. पण सात-आठ मजल्यांच्या कामाला त्यानं काय फरक पडणार? काँक्रीट तेच, सळई तीच. चाळीस वर्षं आपण हेच करतोय.”

त्यांनी कॉम्प्युटरवरचं मॉडेल उघडून दाखवायला सांगितलं, आणि खरं कारण तिथं सापडलं. ईटॅब्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोडांची यादी असते. २००२ की २०१६, हे माणसानं निवडायचं. सरांच्या असिस्टंटनं जुन्या इमारतीची फाइल उघडून नव्या नावानं सेव्ह केली होती. मजले बदलले, गाळे बदलले, भार बदलले. कोडचं वर्ष तेवढं जुन्या फाइलीतून जसंच्या तसं आलं. सॉफ्टवेअर बिचारं सांगेल ते गणित करतं. सगळे मेंबर पास. कुठंही लाल रंग नाही.

पुढचं निस्तरणं महागाचं होतं. फुटिंग भरून झाली होती, बरेच कॉलम जोत्यापर्यंत आले होते. फुटिंगमध्ये भोकं पाडून रासायनिक अँकरनं सळया रोवल्या, कॉलम रुंद केले, लिफ्ट आणि जिन्याभोवती काँक्रीटच्या भिंती घेतल्या. त्यामुळे पार्किंगच्या काही जागा गेल्या आणि काही खोल्यांत कॉलम भिंतीबाहेर आला. फ्लॅट विकले गेले होते, प्रकल्प महारेरात नोंदलेला. मंजूर आराखड्यात बदल करायचा तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दोनतृतीयांश खरेदीदारांची संमती लागते, आणि एखाद्याच्या फ्लॅटमध्ये बदल करायचा तर त्याची स्वतःची. सभा झाल्या, आवाज चढले. बँकेनं हप्ता रोखला, बिल्डरनं सरांची फी रोखली आणि वकिलाची नोटीसही धाडली. त्या प्रकरणानंतर सरांनी नवीन काम घेणं हळूहळू बंद केलं. त्यांचा परवाना त्या संपूर्ण काळात वैध होता.

सर बेफिकीर नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. वाईट इंजिनिअरची गोष्ट असती तर तिच्यातून शिकण्यासारखं फारसं नव्हतं. चांगल्या माणसाचं ज्ञान जुनं होतं तेव्हा त्याला ते जाणवत नाही, कारण त्याच्या इमारती उभ्या असतात. त्या उभ्या असतात याचं एक कारण असं की त्यांची परीक्षा अजून झालेली नसते. कोड मात्र झालेल्या परीक्षांवरून बदलतात. १९६७ मध्ये कोयनेला भूकंप झाला आणि दख्खनचं पठार स्थिर आहे हा समज ढासळला. १९७० मध्ये १८९३ ची नवी आवृत्ती आली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली, तेव्हा नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र एकमध्ये होता. २००२ च्या नकाशातून क्षेत्र एक पूर्णपणे गेलं. २००१ मध्ये भूज हललं आणि दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत खाली पार्किंग असलेल्या इमारती कोसळल्या. सरांची इमारत त्याच जातीची होती.

यावर उपाय म्हणून तासांची सक्ती करावी, असं मलाही आधी वाटलं. माझी भाची टेक्सासमध्ये परवानाधारक इंजिनिअर आहे. तिला वर्षाला १५ तास दाखवावे लागतात, त्यांत किमान एक तास व्यावसायिक नीतीचा. स्वतःच्या वाचनाचे पाचच तास धरतात. परवाना मंडळ केव्हाही नोंदी मागू शकतं. मी कौतुकानं ऐकत होते, तर ती म्हणाली, “मावशी, मुदत संपायच्या आठवड्यात रात्री बसून व्हिडिओ पुढं ढकलणारे आमच्याकडेही आहेत.” इथल्या एकदिवसीय कार्यशाळांत मीही हेच पाहिलं होतं. सकाळी नाश्ता, मग सिमेंट किंवा वॉटरप्रूफिंग कंपनीचं सादरीकरण, जेवण, प्रमाणपत्र, फोटो. सक्ती यावी, याला माझा पाठिंबा आहे. पण ती आली तरी आतलं शिक्षण ज्याचं त्यालाच करावं लागणार. ते कसं करायचं, याबद्दल अनुभवानं पटलेलं लिहिते.

कोडची जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून कलमागणिक वाचा. दुसऱ्यानं केलेला सारांश पुरत नाही. भारतीय मानकं मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळतात, तेव्हा झेरॉक्सच्या झेरॉक्सवर चालण्याचं कारण उरलेलं नाही. दुरुस्तीपत्रंही उतरवून घ्या. १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीला २०१७ आणि २०२० मध्ये दुरुस्त्या झाल्या, आणि दुरुस्तीपत्र न जोडलेला कोड अर्धाच असतो. असं वाचताना कळतं की नवा कोड नेहमी जाचकच असतो असं नाही. रिंगच्या हूकचं टोक १९९३ मध्ये व्यासाच्या दहापट आणि किमान ७५ मिमी होतं. २०१६ मध्ये सहापट आणि किमान ६५ मिमी झालं. आठ मिमीच्या रिंगला ८० च्या जागी ६५ मिमी पुरतात. १३५ अंशांचा वळसा मात्र कायम आहे.

मग स्वतःची जुनी, बांधून झालेली एक इमारत नव्या कोडनं पुन्हा सोडवा. माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारा अभ्यास हाच. २०१६ मध्ये विश्लेषणासाठी बीमचा जडत्वआघूर्ण मूळच्या ३५ टक्के आणि कॉलमचा ७० टक्के धरायला सांगितला, कारण तडा गेल्यावर काँक्रीट तेवढंच साथ देतं. वाक्य वाचून मान डोलावणं सोपं असतं. स्वतःच्याच इमारतीचं डोलणं त्यामुळे किती वाढतं ते आकड्यात दिसलं, की मग ते कलम विसरता येत नाही. माझ्या ऑफिसात नवा कोड आला की प्रत्येक इंजिनिअर अशी एक इमारत सोडवतो आणि बाकीच्यांना समजावून सांगतो.

टेम्प्लेट फाइलीवर पहारा ठेवा. आमच्याकडे मॉडेलच्या फाइलच्या नावातच कोडचं वर्ष असतं. नवी आवृत्ती आली की जुनं टेम्प्लेट सर्वांच्या हाताशी असलेल्या फोल्डरमधून हलवतो. कपाटातल्या पुस्तकांवरही असाच पहारा हवा. काँक्रीट डिझाइनसाठीचे एसपी १६ चे तक्ते अजून अनेक टेबलांवर असतात. ते १९८० चे आहेत आणि आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीवर बेतलेले आहेत. वापरा, पण कुठं लागू होत नाहीत ते मुखपृष्ठावर लिहून ठेवा.

कोर्स निवडताना जेवण कोण देतंय ते बघा. कंपनीच्या सादरीकरणातून मालाची माहिती मिळते, तिला अभ्यास समजू नका. ज्यात उदाहरण स्वतः सोडवावं लागतं आणि शेवटी नापास होण्याची शक्यता असते, तो कोर्स चांगला. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट ऐकता येतात, फी भरून केंद्रावर परीक्षा देता येते. भूकंप अभियांत्रिकीसाठी आयआयटी कानपूरच्या एनआयसीईई या केंद्राचं साहित्य सोपं आणि नेमकं आहे. आधी मात्र पुढच्या वर्षभरात आपल्या टेबलावर काय येणार आहे ते ठरवा: पुनर्विकास, उंच इमारत की स्टीलची शेड. कोर्स त्यावरून निवडा. सोयीच्या तारखेला जे मिळेल ते शिकत गेलात तर प्रमाणपत्रांची फाइल जाड होईल, आणि नेमकं लागेल तेच त्यात नसेल.

फिटरला शिकवल्याशिवाय तुमचं शिक्षण इमारतीत उतरत नाही. ड्रॉइंगवर १३५ अंशांचा हूक आणि साइटवर ९० अंशांत वळवलेली रिंग, हे दृश्य मी अजूनही पाहते. नवं काम सुरू होताना मी मुकादम आणि सळई बांधणाऱ्यांबरोबर एक सकाळ घालवते. एक नमुना जोड बांधून घेते, हूक आत का वळवायचा ते सांगते, आणि स्लॅब भरेपर्यंत तो नमुना साइटवर ठेवायला लावते. या सकाळीला कुठलं क्रेडिट मिळत नाही.

नोंद ठेवा. एका वहीत तारीख, विषय, शिकवणारा, आणि शेवटच्या रकान्यात ‘यामुळे ऑफिसात काय बदललं’. हा रकाना कोरा राहिला तर तो दिवस वाया गेला असं आम्ही धरतो. उद्या कोर्टात किंवा महारेरासमोर उभं राहायची वेळ आली, तर प्रमाणपत्रांच्या भेंडोळ्यापेक्षा ही वही जास्त कामाला येईल. ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी रेरानं बिल्डरवर टाकली आहे. दोष सांगाड्यात निघाला की बिल्डर कुणाकडे बोट दाखवेल ते सांगायला नको.

काम चालू असताना कोड बदलला तर गप्प बसू नका. कोणत्या आवृत्तीनं डिझाइन झालं, नवीनमध्ये काय वेगळं आहे, या इमारतीवर त्याचा काय परिणाम होतो आणि तुमची शिफारस काय, हे ग्राहकाला लेखी कळवा. फुटिंग भरण्याआधीचं पत्र एका पानाचं असतं. ते न लिहिल्याची किंमत सरांच्या प्रकरणात सर्वांनी मोजली.

नुकताच परवाना मिळालेल्या मुलामुलींना एक वेगळं सांगणं आहे. कॉलेज सोडून दोनच वर्षं झालीत, म्हणून आपलं ज्ञान ताजं आहे असं समजू नका. तुम्ही शिकलात ते पाठ्यपुस्तक कधी लिहिलं गेलं ते उघडून बघा. सरांचा असिस्टंट तुमच्याच वयाचा होता. ‘सर, ही फाइल २००२ च्या कोडची आहे’ एवढं त्यानं म्हटलं असतं तरी गोष्ट तिथंच थांबली असती, पण वरिष्ठांच्या फाइलीवर शंका घ्यायची नसते असंच त्याला वाटत होतं. माझ्या ऑफिसात कोडच्या वर्षाचं पान सर्वांत कनिष्ठ इंजिनिअर तपासतो आणि त्यावर सही करतो. त्याच्या सहीशिवाय ड्रॉइंग बाहेर पडत नाही.

जे फ्लॅट घेताहेत किंवा सोसायटीचा पुनर्विकास करताहेत, त्यांना इंजिनिअरच्या गणितात शिरायची गरज नाही. आरसीसी ड्रॉइंगचं पहिलं पान मागा. सर्वसाधारण सूचनांत १८९३ आणि १३९२० या आकड्यांपुढं कोणतं वर्ष छापलंय ते वाचा, आणि सध्याची आवृत्ती तीच आहे का, हे मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर पडताळा. वर्ष जुनं निघालं तर कारण लेखी मागा. काही वेळा योग्य कारण असतंही, आणि चांगला इंजिनिअर ते न चिडता लिहून देतो. परवान्याची प्रत तर तुम्हाला कुणीही दाखवेल.