सोळा तासांचे उड्डाण आणि औषधांच्या वेळा

मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन विमानतळांमधील अंतर, पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या मार्गाने मोजल्यास, सुमारे 12,500 किलोमीटर भरते आणि थेट विमानाला ते कापण्यास साधारण 16 तास लागतात. परतीच्या वाटेवर, पूर्वेकडे वाहणाऱ्या वरच्या थरातील वेगवान वाऱ्यांची साथ मिळाल्यास, हा वेळ बराच कमी होतो. तिकिटावर मात्र सुटण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची न्यूयॉर्कची छापलेली असते, आणि न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तास मागे असल्याने, रात्री दीडला निघालेला प्रवासी उन्हाळ्यात त्याच तारखेला सकाळी आठच्या सुमारास उतरतो. मुला-नातवंडांकडे निघालेल्या ज्येष्ठांच्या औषधांचा गोंधळ होतो तो बहुधा या छापील वेळांमुळेच.

रोज रात्री नऊला दीर्घकाळ काम करणारे, म्हणजे दिवसभर पुरणारे, इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याचा पुढचा डोस 24 तासांनी, म्हणजे न्यूयॉर्कच्या घड्याळात सकाळी साडेअकराला येतो. तेथील रात्रीचे नऊ वाजण्याची वाट पाहिली, तर दोन डोसांत साडेतेहतीस तासांचे अंतर पडते. रक्तदाबाच्या गोळीला थोडी उशीर-लवकर बहुधा खपते. इन्सुलिन, आकडीवरील औषधे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांबाबत ती खपवून घेऊ नये, तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून भारतीय व स्थानिक वेळेचे दोन रकाने असलेले वेळापत्रक लिहून घ्यावे. जेवणाआधीचे इन्सुलिन ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच टोचावे, कारण विमान हादरू लागले की वाढप थांबते आणि टोचून बसलेल्याची साखर घसरू लागते. इन्सुलिन चेक-इन सामानात कधीही ठेवू नये. ते तेथे गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरण्याजोगे राहत नाही.

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्यास पायांतील खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तो निरोगी माणसाला अल्पच असला, तरी नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, कर्करुग्णांनी, गर्भवतींनी आणि पूर्वी गुठळी झालेल्यांनी घट्ट मोज्यांविषयी आधीच विचारावे. इतरांना तासा-दोन तासांनी उठणे, बसल्या जागी घोटे फिरवणे आणि मद्य टाळणे पुरेसे ठरते. त्यासाठी खिडकीपेक्षा मार्गिकेकडची जागा बरी, कारण शेजाऱ्याची झोपमोड नको म्हणून संकोचाने तासन्‌तास न उठणारे प्रवासी फार असतात. स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

गुठळीची लक्षणे विमानातच दिसतील असे नाही. उतरल्यानंतर काही आठवड्यांतही एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट आपत्कालीन विभाग गाठावा आणि तेथे लांबच्या विमानप्रवासाचा उल्लेख न विचारताही करावा.