तारण आणि रक्षण : मराठी व तमिळ ख्रिस्ती साहित्यातील कृपाविचार

हिंदू धर्म कर्माचा व ख्रिस्ती धर्म कृपेचा, असे विधान भारतीय भाषांतील ख्रिस्ती साहित्याच्या चर्चेत वारंवार आढळते. मनुष्य स्वतःच्या चांगुलपणाने तरत नाही, ईश्वराच्या अनर्जित कृपेने तरतो, हा ख्रिस्ती धर्माचा मूलभूत सिद्धान्त होय, यात वाद नाही. परंतु हा सिद्धान्त ज्या भूमीत आला तिला कृपेचा परिचयच नव्हता, हे गृहीत मात्र तपासून पाहिले पाहिजे.

त्याचा पडताळा चेन्नईतच घेता येतो. तिरुवल्लिक्केणी येथील पार्थसारथी मंदिर श्रीवैष्णवांच्या तेन्कलै परंपरेचे आहे. या परंपरेचा दृष्टान्त मांजरीच्या पिलाचा : आई त्याला तोंडात धरून नेते, त्याने काहीच करावयाचे नसते. वडकलै परंपरेचा दृष्टान्त माकडाच्या पिलाचा : त्याने आईला घट्ट बिलगले पाहिजे. हा मतभेद ज्यांच्या नावांशी निगडित आहे ते पिळ्ळै लोकाचार्य व वेदान्तदेशिक हे दोघेही ल्यूथरच्या पूर्वीचे. रुडॉल्फ ओटो यांनी भारतातील कृपाधर्म व ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारा ग्रंथ १९३० मध्ये प्रसिद्ध केला, तोही या साम्याची दखल घेऊनच. कृपा की प्रयत्न, हा वाद अशा रीतीने प्रत्येक परंपरेच्या अंतर्भागातही चाललेला दिसतो.

असे असेल, तर वैष्णव संस्कारांत वाढून ख्रिस्ती झालेल्या कवींना नवे काय लाभले? तिरुनेलवेली भागातील वैष्णव कुटुंबात १८२७ साली जन्मलेल्या कृष्ण पिळ्ळै यांनी १८५८ मध्ये मद्रास येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘रक्षण्य यात्रिकम्’ (१८९४) हे महाकाव्य जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’वर आधारलेले असून त्याच्या शैलीवर कंबरामायणाचा ठसा आहे. याच ग्रंथाचे ‘यात्रिकक्रमण’ हे हरि केशवजीकृत मराठी गद्य रूपांतर १८४१ मध्येच झाले होते. बन्यनच्या कथेत पाठीवर ओझे घेऊन निघालेल्या यात्रिकाला एक व्यवहारचतुर गृहस्थ नीती नावाच्या गावाची वाट दाखवितो. त्या वाटेवर ओझे अधिकच जड होते. पुढे क्रूसाजवळ ते आपोआप गळून पडते. परंतु यात्रा तेथे संपत नाही, तिचा मोठा भाग अजून उरलेलाच असतो. सदाचार हे मुक्तीचे मूल्य नसून तिचे फळ आहे, हा विचार येथे कथेच्या रचनेतच गोवला गेला आहे.

या संदर्भात दोन भाषांतील संज्ञा लक्षणीय आहेत. तमिळ प्रॉटेस्टंट परंपरेत रूढ झालेला ‘रट्चिप्पु’ हा शब्द ‘रक्ष्’ धातूवरून आला आहे. शरणागताचे रक्षण ही वैष्णवांना परिचित कल्पना त्यात आहे. मराठीत ‘तारण’ हा शब्द रुळला. भवसागरातून पार नेणे हा त्याचा एक अर्थ; कर्जापोटी ठेवलेली वस्तू हा सावकारी व्यवहारातील दुसरा. व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मराठी वाचकाच्या कानी ऋणाचा ध्वनी पडतोच.

ऋण फेडणारा देवही मराठी मनाला अपरिचित नाही. दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे देणे विठोबाने विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारी भरले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. परंतु दामाजीचे ऋण पुण्यकृत्यातून उद्भवले होते. दुसरीकडे, अजामिळासारख्या पतिताचा उद्धार संतवाङ्मयात आहे, पण त्याच्या वतीने देवाने काही भरल्याचे तेथे सांगितलेले नाही. अपराध्याचे ऋण आणि ते फेडणारा देव, हे दोन वेगळे धागे ख्रिस्ती कथेत क्रूसाच्या एकाच घटनेत येऊन मिळतात. नवे काही असेल, तर ते या मीलनात आहे.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले, त्याचा अर्थ या दृष्टीने स्पष्ट होतो. आत्मदोषांचा उघड उच्चार करणारा अभंगाचा प्रथमपुरुषी स्वर त्यांना सिद्धच मिळाला होता.

तरीही हे अंतर केवळ शब्दांचे नव्हते, याची साक्ष पंडिता रमाबाईंचे जीवन देते. तीर्थयात्रा, व्रते व दाने यांत त्यांच्या कुटुंबाची संपत्ती सरली आणि १८७४ मध्ये दक्षिणेतील दुष्काळात आईवडील निवर्तले. पुण्याचा संचय हा रमाबाईंच्या दृष्टीने ग्रंथातला पूर्वपक्ष नव्हता. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्म स्वीकारणे आणि केवळ कृपेवर विसंबणे यांत आपल्या बाबतीत काही वर्षांचे अंतर पडले, असे त्यांनी १९०७ मधील आपल्या साक्षीत नमूद केले आहे. केडगावच्या मुक्तिसदनातील त्यांचे अपार श्रम या विसंबण्याच्या नंतरचे आहेत. कृपावाद मनुष्याला निष्क्रिय करतो, या आक्षेपाला याहून समर्थ उत्तर मराठीत क्वचितच मिळेल.

तौलनिक अभ्यासकाने म्हणूनच कोणी कोणाकडून काय घेतले एवढ्यावर थांबू नये. मांजरीचे पिलू, यात्रिकाचे ओझे आणि दामाजीची रसद यांपैकी प्रत्येक प्रतिमा कृपेविषयी काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे शोधणे अधिक फलदायी ठरेल.