ओझे कोणते, भार कोणता?

शास्त्रभाग : गलतीकरांस पत्र ६:१-५. सोबत वाचावे : निर्गम १७:८-१३, मत्तय २६:३६-४६.

ह्या अध्यायातील दुसरे व पाचवे वचन लागोपाठ वाचले की शब्बाथशाळेतील चौकस मूल हमखास प्रश्न विचारते. दुसऱ्या वचनात प्रेषित पौल आपणांस एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो आणि पाचव्यात म्हणतो की, प्रत्येकाने स्वतःचा भार स्वतः वाहावा. मग खरे कोणते? मूळ ग्रीक भाषेत हे दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे माणसाला खाली दाबून टाकणारे वजन. दुसरा ‘फोर्टिऑन’, म्हणजे ज्याचा त्याने न्यावयाचा नेमलेला भार. प्रेषितांची कृत्ये २७:१० मध्ये हाच दुसरा शब्द तारवातील मालासाठी आला आहे. तेव्हा पौल दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगत नाही. काही वजन वाटून घ्यावयाचे असते, आणि काही दुसऱ्याने काढून घेतले तर तो अन्याय होतो.

हा पाठ शिकवताना आपण बहुधा कर्जाचे किंवा भांडणाचे उदाहरण घेतो. ह्या खेपेस घरातील एक प्रसंग घेऊ. पत्नीला किंवा पतीला कर्करोग असल्याचे कळले आहे आणि उपचार अजून सुरू व्हावयाचे आहेत. मधले हे दिवस फार जड जातात. दुखणे कळलेले असते, पण हाताला काम मिळालेले नसते. अशा वेळी जोडीदाराने काय उचलावे आणि कशाला हात लावू नये, हे पौलाच्या ह्या दोन शब्दांवरून पुष्कळ उमगते.

प्रथम भार घेऊ. आपल्या मंडळ्यांतून नेहमी घडणारी गोष्ट अशी : तपासणीचा कागद पतीच्या हाती पडतो, तो घडी करून खिशात ठेवतो आणि घरी येऊन सांगतो, “गाठ साधीच आहे.” दिरांना ठाऊक, नणंदेला ठाऊक, पाळकसाहेबांना ठाऊक, जिच्या अंगात दुखणे आहे तिला मात्र ठाऊक नाही. हे प्रेमापोटी होते ह्याबद्दल आम्हांला शंका नाही. पण ती बातमी तिची आहे. तारवातील तो माल तिच्या नावाचा आहे. शिवाय ती फार दिवस लपतही नाही. रुग्णालयातील पाटी वाचता येते, बाकावर शेजारी बसलेली बाई बोलते. मग ती समजून चुकते, आणि नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून समजले नाही असे दाखवते. एकाच खोलीत दोघे एकमेकांपासून लपून रडतात. लग्नाच्या वेळी आजारात व आरोग्यात सोबत राहण्याचे जे वचन आपण देवासमोर देतो, त्यात असे एकटे राहणे खचित अभिप्रेत नव्हते.

सगळे एका दमात सांगून टाकावे असेही नाही. किती ऐकावयाचे हे तिलाच विचारावे. कोणाला सर्व तपशील हवा असतो, कोणाला फक्त पुढची पायरी. डॉक्टर इंग्रजीत किंवा कानडीत बोलत असतील तर तिला मराठीत समजेल अशी सोय करावी. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करण्यापूर्वी तिच्या शंकांची उत्तरे तिलाच मिळावीत, आणि हो की नाही हे तिने म्हणावे. भीतीचेही तसेच. ती रडू लागताच “विश्वास ठेव, घाबरू नकोस” असे म्हणून आपण तिचे तोंड बंद करतो. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तिघा शिष्यांपासून आपली व्याकुळता लपवली नाही. त्याचा प्याला पेत्राने घ्यावा अशीही त्याची अपेक्षा नव्हती. जवळ थांबा आणि जागे राहा, एवढेच त्याने मागितले, आणि नेमके तेवढेच त्यांच्याकडून झाले नाही.

आता ओझे. निर्गमातील उताऱ्यात मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी काय केले ते पाहा. त्यांनी प्रथम त्याला बसावयास धोंडा आणून दिला, मग दोन्ही बाजूंनी हात धरले. हात मोशेचेच राहिले. पण तो धोंडा कोणी तरी उचलून आणावाच लागला. पतीने असे धोंडे शोधावेत. सर्व अहवाल तारखेनुसार एका पिशवीत ठेवावेत. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न आदल्या रात्री दोघांनी मिळून वहीत लिहावेत, कारण समोर गेल्यावर निम्मे विसरतात. सरकारच्या आयुष्मान भारत योजनेखाली (ती २०१८ साली सुरू झाली) पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. आपले नाव त्यात आहे की नाही हे उपचार सुरू होण्याआधीच पाहावे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला व सोबतच्या एकाला रेल्वेभाड्यात सवलत असते. तिला रुग्णालयाचा दाखला लागतो. हे काम अध्यात्माचे नव्हे असे कोणास वाटेल, तर त्याने पुन्हा धोंड्याकडे पाहावे. आणि औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे सांगत येणाऱ्यांना यशया ३८:२१ उघडून दाखवावे. हिज्कीयाची प्रार्थना देवाने ऐकली, तरी अंजिरांचा लेप लावावाच लागला.

उपचारांविषयी थोडे माहीत असलेले बरे. केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात, म्हणून कर्करोगाबरोबर केसांची मुळे, तोंडाची आतली त्वचा आणि रक्त तयार करणाऱ्या पेशी ह्यांनाही त्रास होतो. केस जाणार असतील तर बहुधा पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात, आणि उपचार संपल्यावर पुन्हा येतात. मात्रेनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी होतात. त्या दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर सकाळपर्यंत वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालय गाठावे. घरात थर्मामीटर हवाच. नेमक्या ह्याच आठवड्यात आपली वीस-पंचवीस माणसे सर्दी-खोकल्यासह प्रार्थनेला जमतात! पतीने दारातच नम्रपणे नाही म्हणावे. मंडळीने राग मानू नये. प्रार्थना मंदिरातूनही पोहोचते. आणखी एक : हा रोग स्पर्शाने लागत नाही, आणि बाहेरून किरण देऊन घरी आलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत. ताट वेगळे, अंथरूण वेगळे असे करणाऱ्या घरांत रुग्णाला रोगापेक्षा त्या ताटाचेच दुःख अधिक होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पती आजारी पडला तर पत्नी सर्व करते आणि त्याची वाच्यताही होत नाही. पत्नी आजारी पडली की “माहेरी नीट विश्रांती मिळेल” म्हणून तिला पाठवून देण्याची रीत ख्रिस्ती घरांतही आहे. भाकरी थापणे, भांडी घासणे, ओकारीची बादली स्वच्छ करणे हे पुरुषाचे काम नव्हे असे ज्याला वाटते, त्याने योहान १३ वाचावे. पत्नीच्या दुखण्याने एखाद्या पुरुषाचे मन कोठवर जाऊ शकते ह्याचे एक उदाहरण आपल्या देशात आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पती सर दोराबजी ह्यांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ह्या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापला, आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या स्वतःच्या न्यासातून परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले. बेळगाव, गोवा, इंदूरकडील आपली पुष्कळ माणसे तेथे उपचारासाठी गेली आहेत.

मात्र वाहणाऱ्याचेही एक ओझे असते आणि ते मंडळीचे आहे. रात्री जागणाऱ्या पतीला “काही लागले तर सांगा” असे म्हटले तर तो सांगत नाही. त्यापेक्षा एका बहिणीने बुधवारचा डबा, एका भावाने गाडीने नेणे-आणणे, कोणी वीजबिल, असे नेमून घ्यावे आणि एकाच व्यक्तीने सर्वांना खबर कळवावी, म्हणजे दिवसाला तीस फोन त्याला घ्यावे लागणार नाहीत. आठवड्यातून एक दुपार कोणी तरी घरी बसावे, म्हणजे तो झोपू शकेल.

शिक्षकबंधुभगिनींना शेवटी एक विनंती. अशा घरातील मूल तुमच्या वर्गात असेल तर ते बहुधा गप्प बसते, किंवा एकाएकी दंगा करू लागते. आईला आपण उलट बोललो म्हणून हे झाले, असे पुष्कळ मुलांना वाटते आणि ती ते कोणाला सांगत नाहीत. त्याचा दोष नाही, हे त्याला बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगा. वर्गात त्याचे नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करण्यापूर्वी त्याला विचारा. नको म्हणाले तर मनात करा.